मोनिकाचा नंबर

४ मे १९९७, रविवार
ठरलं! पुढच्या रविवारी मुंबई. साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या चार घरांनी मिळून गाडी केलीय. मोनिका सहावीत असताना पेपरात तिथल्या पार्कचं चित्र आलं होतं. तेव्हापासून मी म्हणतोय — सीझन संपला की जाऊ. सीझन संपायचा, मग काहीतरी दुसरंच निघायचं. आठ वर्षं गेली. एक जूनला पोरीचं लग्न. आता नाही तर कधीच नाही.

७ मे
शेजारच्या राहीबाईंचा प्रवीण मुंबईत नोकरीला असतो. त्याने पार्कचा छापील नकाशा पाठवला. त्यातले अकरा पाळणे निवडले. सगळ्याच यंत्रांना मी पाळणे म्हणतो, मोनिका हसते. परतीची लाँच सहाची. म्हणजे एकेकाला चाळीस मिनिटं. आम्ही बापलेक एकात बसलो की बायकोने, छबूने, पुढच्या पाळण्याच्या रांगेत नंबर धरायचा.
"मी काय उसाची बैलगाडी हाय का, नंबराला लावायला?" — छबू.
बावीस वर्षं कारखान्याच्या यार्डात ऊसगाड्यांना नंबर देतोय. मला एवढंसं जमणार नाही?

१० मे
मोनिका बॅग भरता भरता थांबली. "अप्पा, ही माझी या घरातली शेवटची ट्रिप ना?" मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

१२ मे
पाय कामातून गेलेत. तरी लिहायलाच हवं.
अकरा वाजेपर्यंत माझ्या प्लॅनचे तीन तेरा! छबूने दुसऱ्या पाळण्याच्या रांगेत पिशवी ठेवली अन् झाडाखाली जाऊन बसली. रेशनच्या दुकानात रॉकेलचा डबा ठेवला की नंबर लागतो, तसं. आम्ही आलो तर रांग केव्हाच पुढे गेलेली, पिशवी जागच्या जागी. लोक वळसा घालून चाललेले. मी जाम चिडलो. मोनिका मात्र पोट धरून हसत होती.
लहानपणी काष्टीच्या जत्रेत अशीच हसायची. लाल फ्रॉक, दोन वेण्या. पाळणा वर गेला की ओरडायची, "अप्पा, आपलं घर दिसतंय!" दिसायचं काही नाही, नुसता ऊस. मी खालून मान डोलवायचो. पाळणा थांबला की पुन्हा रांगेत. कंटाळा कधी आला नाही. किती भरकन गेले ते दिवस!
दोन वाजेपर्यंत तीनच पाळणे झाले. पेपरातलं जे चित्र तिने कापून वहीत ठेवलं होतं, त्या उलट्या फिरणाऱ्या गाडीला दोन तासांची रांग. "राहू द्या अप्पा," म्हणाली. चेहरा एवढासा झाला. मला रडूच यायचं बाकी होतं.
तेवढ्यात गणवेशातला एक तरुण जवळ आला. "भाऊसाहेब, वळखलं का? मी गोरक्ष. पाथर्डीकडचा. कारभारी ऊसतोड्याचा पोरगा." यार्डात बैलांना पाणी पाजणारं ते पोरगं! आता इथे यंत्र चालवतो. मोनिकाला म्हणाला, "ताई, आमचे बाबा आजून सांगत्यात, यार्डात मानूस एकच — रंगनाथ भाऊसाहेब. नंबर म्हंजे नंबर! गरिबाची गाडी कदी मागं टाकली न्हाई."
मग त्याने आम्हाला मागच्या फाटकातून थेट आत नेलं, पुढच्या पाळण्यांनाही तसंच. रांगेतले लोक बघत होते. उन्हात पोरं कडेवर घेऊन उभे होते बिचारे. मी नको म्हणालो नाही.
दिवसभरात नऊ पाळणे झाले! मोनिकाने गोरक्षचा पत्ता लिहून घेतला, पत्रिका पाठवायला. लाँचवर माझा हात धरून म्हणाली, "अप्पा, सासरी गेल्यावर हीच गोष्ट सांगणार मी."

२ जून
काल गेली. घर खायला उठलंय. छबू तिच्या जुन्या कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालतेय.

१५ जून, रविवार
मोनिका अन् जावई जेवायला आले होते. पार्कची गोष्ट तिकडे घरोघर झालीय म्हणे. जावई म्हणाले, "आमचे वडील सगळ्यांना सांगतात — व्याही मिळावा तर असा." छबूचा ऊर भरून आला. मोनिका माझ्याकडे बघत होती. मी हात धुवायला उठलो.

१६ जून
गोरक्षला पत्र टाकलं. नव्वदच्या सीझनला त्यांच्या दोन्ही गाड्या दीड दिवस उन्हात तटल्या, ऊस वाळून गेला. गाळपाचं यंत्र बंद पडलंय, असं मी तेव्हा कारभारीला सांगितलं होतं. यंत्र चालू होतं. मेव्हण्याचा ट्रक पुढे घ्यायला त्यांचा नंबर मीच मागे टाकला होता. पत्र वडिलांना वाचून दाखव, असंही लिहिलं.
मोनिकाला मात्र अजून सांगितलेलं नाही.