टेप चालू असताना बोलायचं न्हाय

टेमघर, भिवंडी
मार्च १९८९

प्रिय देवू,

तुला पत्र लिहायला कागद घ्यायचा आणि त्याच्यावर भजी खाऊन मोकळं व्हायचं, असं कितीदा झालं. आज भजीवाल्याकडं गेलोच न्हाय. भीतीनं दाराबाहेर पडवत न्हाय. तू तिकडं डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला, आणि हे वाचून तू कोयता घेऊन निघशील हे मला माहीत हाय. तरी शेवटपर्यंत वाच.

मी आता कापडाच्या लूमवर न्हाय. मधे हमाली केली, रिक्षा धुतल्या, आता प्रभाकरकाकांकडं रेकॉर्डिंग शिकतो. काका कोर्टातनं रिटायर झालेले कारकून, भजनांच्या नि लग्नगीतांच्या कॅसेटी काढतात. खोली एकच. भिंतींना गोधड्या नि बारदान ठोकलेलं, मधे काच. पलीकडं काका नि मशीन, अलीकडं गाणारे. चहूकडं लूमचा खडखडाट, म्हणून रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा. मला वाटलेलं बटण दाबलं की झालं! तसं न्हाय. माईक तोंडापासून वीतभर लांब पाहिजे. मशीनचा काटा लालमधे गेला की आवाज फाटतो. बाहेर टाकलेली फीत गल्लीतली बकरी खाते, तिच्या तोंडातनं ओढून काढायचं कामही माझंच. पहिल्याच दिवशी मी एका बुवांच्या अभंगात शिंकलो. काका म्हणाले, "चिंत्या, छत कोसळलं तरी लाल दिवा चालू असेपर्यंत हूं की चूं नाही." तेवढी एक गोष्ट मी नीट शिकलो. तिथंच घात झाला.

गेल्या शुक्रवारी मी मंगळीबायला आणली. आपल्या पाड्यावरची सगळी लग्नं लावणारी धवलेरी, तिचं गाणं कॅसेटीत यावं ही माझीच हौस. म्हातारीला एस्टीत भोवळ येते म्हणून तिला धरून सखी आली. होय, तुझी सखी. माईक बघून मंगळीबाय आधी हसली, "ह्या काठीचं लगीन लावू का?" मग अडूनच बसली. समोर नवरा-नवरी न्हाय तर लग्नाचं गाणं गायचं न्हाय, रिकाम्या पाटाला गायलं तर घरात वाईट होतं म्हणे. काका काचेमागनं घड्याळ दाखवत होते. मग मीच म्हणालो, मी बसतो, सखी बसंल. ठरलं असं, की शेवटचं कडवं यायच्या आधी मी हात वर करणार नि मंगळीबाय थांबणार. ते कडवं गायलं की लग्न लागतं, हे तुला काय सांगायचं.

देवू, लाल दिवा लागला आणि मंगळीबायनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना हात काय दिसणार? तिनं गाण्यात नावं घातली, चिंतू नवरा, सखी नवरी. मी हात हलवला, काकांना वाटलं माशी हाकलतोय. ओरडलो असतो तर थांबली असती. तोंड उघडलं तर काका डोळे वटारून बघतायत. सखी पण गप्प. शेवटचं कडवं झालं, म्हातारीनं ओच्यातले तांदूळ दोघांच्या डोक्यावर टाकले, नि लाल दिवा विझला. काका टाळ्या वाजवत आत आले, "एका दमात! क्या बात है!"

डोळे उघडून मंगळीबाय स्वतःच हादरली. म्हणाली, "लागलं ते लागलं. मी लगीन लावते, सोडवत न्हाय." तुझी नि सखीची सुपारी फुटलेली, लगीन ठरलेलं. तुझा बाप, सखीचे भाऊ, सगळे डोळ्यांपुढं येतात. दाराची कडी वाजली की मी मशीनमागं जाऊन बसतो. आणि येत्या शुक्रवारी काका त्या गाण्याच्या कॅसेटी काढून शेलार गावाला, पाड्यापाड्यांवर पाठवणार. सगळे ऐकणार, नावांसकट.

पुसायचं कसं ते मला आता येतं. त्याच्यावरनं नुसती गप्प खोली भरायची, झालं. बटणावर बोट ठेवलं पण दाबवलं न्हाय. पुसू का हे तुला विचारायला लिहितोय, असं मी मनाला सांगत होतो. पण तसं न्हाय देवू. मी ती टेप कानाला लावून ऐकली. तांदूळ पडल्याचा आवाज येतो, आणि त्याच्यानंतर सखी हसते. बारीक, श्वासाएवढं. शेजारी बसून मला ते कळलं नव्हतं, माईकनं धरलं. मी तरी दिव्यामुळं गप्प बसलो की कशामुळं, ते आता सांगता येत न्हाय. तू तिला मोकळी कर, एवढं मागायला हे लिहितोय. मंगळीबाय म्हणते, ज्याची सुपारी त्यानंच पाड्यासमोर सोडली तर कुणी कुणावर हात उचलणार न्हाय. थांब, कडी वाजली.

सखी आलीय. एकटी. डोक्यावर बोचकं, काखेत कोंबडी. विचारते, "ही कुठं बांधू?" काका कपाळाला हात लावून कोंबडीकडं बघतायत. देवू, मी मशीनमागं गेलो न्हाय.

मारायला आलास तरी ये.

तुझाच,
चिंतू