सुनेने वाचलेला शेवट

मी, या कागदाखाली अंगठा उठवणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त कारकून आणि घरी बसून बघायच्या ॲनिमे मालिकांचा व मार्शल आर्ट्सच्या चित्रपटांचा जुना परीक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या भिडेला किंवा धाकाला बळी न पडता, तोंडी सांगून टाइप करवून घेत आहे. मला दिसत नाही. ऐकू मात्र सगळे येते, स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललेलेसुद्धा.

१. शुद्धीचा विषय आधी मिटवतो, कारण भांडण तिथूनच निघणार. माझा थोरला मुलगा माझ्यादेखत डॉक्टरांना म्हणाला, "यांना दिसत नाही, आणि रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून कार्टून बघतात. डोकं ठिकाणावर आहे असं म्हणायचं का?" डॉक्टरांनी मला शेवटी पाहिलेल्या मालिकेची गोष्ट विचारली. मी सांगायला लागलो आणि बाहेर पेशंट ताटकळले. त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

२. हे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, मी माझ्या पगारातून घेतले. वडिलोपार्जित नाही, त्यामुळे त्यावर कोणाचा जन्माने हक्क नाही. ते मी माझ्या धाकट्या सुनेला पूर्ण मालकीने देत आहे. धाकटा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. ही इथेच राहिली, चष्म्याच्या दुकानात नोकरी करते आणि घरी येऊन आंधळ्या सासऱ्याला सांभाळते. थोरला म्हणतो, "नवराच नाही, तर ती आपली कोण लागते?" तिला उद्या घराबाहेर काढायला हा प्रश्न त्याला पुरेल, म्हणून उत्तर कागदावर आणले.

३. बँकेतली ठेव थोरल्याला. माझ्या आजारपणात त्याने धावपळ केली, ती मी विसरलेलो नाही. तो वाईट नाही, हिशेबी आहे. घरासाठी कोर्टाची पायरी चढलाच, तर ठेवही सुनेला जाईल. धाकट्याला काही ठेवलेले नाही. त्याच्यावर राग होता तोही आता उरला नाही.

४. कपाटातल्या सगळ्या डिस्क आणि कॅसेट माझ्या मित्राला, कॅसेटवाल्याला. त्याचे भाड्याने कॅसेट देण्याचे दुकान कधीच बंद पडले, नाव तेवढे चिकटून राहिले. त्याने खोकी एकीकडे आणि डिस्क दुसरीकडे अशी विक्री करू नये. एक संच मात्र वेगळा काढला आहे. त्यात कारखान्याच्या चुकीने भाग उलटसुलट भरले गेले आहेत. मेलेला खलनायक पुढच्या भागात जेवायला बसतो. मी परीक्षणे लिहितो त्या मासिकातल्या माझ्या सहकाऱ्याने या संचाची 'काळाशी केलेला धाडसी खेळ' अशी पानभर तारीफ केली आणि मी चूक दाखवली तर मलाच जुनाट म्हणाला. तो संच त्याला सप्रेम भेट द्यावा.

५. माझी कामाची पद्धत सांगून ठेवतो. मारामारीचा प्रसंग मी आधी आवाज बंद करून बघत असे. ठोसा खरा बसला की नुसता आवाज जोडलाय, ते लगेच उघडे पडते. मग डोळे मिटून तोच प्रसंग ऐकायचा. बायको असताना म्हणायची, "झोपायचंच होतं तर गादीवर झोपा की!" डोळे गेले तेव्हा अर्धी पद्धत हाती राहिली. पडद्यावर खाली येणारी भाषांतराची अक्षरे वाचण्याचे काम सुनेने आपणहून घेतले. ती इंग्रजी वाचते आणि तिथल्या तिथे आपल्या भाषेत सांगते. भांडणाला भांडणाचा आवाज काढते, घोड्याला घोड्याचा. मासिकात माझी परीक्षणे छापून येत राहिली ती तिच्या जिवावर.

६. गेल्या हिवाळ्यात तिने एक मालिका आणली. नवे खोके, नवे नाव, रंग उजळलेले, म्हणून तिला ती नवीच वाटली. सुरुवातीचे संगीत लागताच मी ओळखले. डोळे होते तेव्हा मी याच मालिकेचे परीक्षण लिहिले होते. पण ती इतकी हौसेने बसली होती की मी गप्प राहिलो. तलवार शिकवणारा एक म्हातारा, भांडून निघून गेलेला मुलगा, आणि रोज संध्याकाळी दाराशी बसून त्याची वाट बघणे, अशी गोष्ट. शेवटच्या भागात मुलगा येत नाही. म्हातारा उंबऱ्यावर बसल्या जागी मरतो.

तो प्रसंग आला. वारा ऐकू येत होता, पावले नव्हती, दार वाजले नाही. सून जराशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी आलोय. दार उघडा."

मी विचारले, "म्हातारा काय म्हणाला गं?"

"काही नाही. हसला." आणि ती चहा टाकायला उठली.

मुलगा परत आला असता तर मालिका पडली असती, असे मी त्या परीक्षणात लिहिले होते आणि आजही माझे तेच मत आहे. ती ते माझ्यासाठी म्हणाली की स्वतःसाठी, हे मी विचारले नाही. धाकटा येणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होते आणि दोघेही एकमेकांपासून लपवत होतो. पण या घराच्या दारात रोज संध्याकाळी किल्ली फिरते आणि "बाबा, मी आले" असे ऐकू येते. ती हीच. घर तिला का, असे कोणी विचारले तर मला याहून वेगळे सांगता येणार नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे.

७. हा कागद तिच्यापासून लपवून केला आहे. ती कामावर असताना टंकलेखिकेला घरी बोलावले आणि वाचूनही टंकलेखिकेकडूनच घेतले. सुनेने वाचला असता तर दुसऱ्या कलमापाशी जराशी थांबली असती, आणि 'घर दोन्ही मुलांना सारखे' असे आवाज जराही न बदलता मला ऐकवले असते.

८. माझ्यामागे मात्र हे मृत्युपत्र तिनेच पुढच्या खोलीत, थोरल्यासमोर, मोठ्याने वाचावे. पोरी, मी ऐकायला नसेन. या वेळी जे लिहिलंय तेच वाच.

लिहून देणार: परीक्षक (डाव्या अंगठ्याचा ठसा)

वरील मजकूर टंकलेखिकेने आमच्यासमोर सावकाश वाचून दाखवला. सहाव्या कलमाशी तिने चष्मा पुसायला काढला, तेव्हा परीक्षकांनी "वाचा, वाचा" म्हटले. बरोबर असल्याचे सांगून त्यांनी आमच्यादेखत अंगठा उठवला, आणि त्यांच्यादेखत आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार:
(सही) कुटुंबाचे डॉक्टर
(सही) वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार