कात्रीचा नळ

सोमवार, ३
आजही रबर म्हणजे दगड! उत्प्रेरक रेणूला रेणू जोडत सुटतो, साखळ्या लांबच लांब होतात. त्यांना वेळेत थांबवणारा द्रव आम्ही नळातून सोडतो. कारखान्यात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणतात; कमी पडली की दगड, जास्त झाली की लगदा. मी नळ दोन आटे उघडला. रात्रपाळीवाल्यानं कात्री सोडताना चिक्कूपणा केला असणार.

रात्रपाळीवाला म्हणजे माझा नवरा.

मंगळवार, ४
गेटवर भेट. आमचा संसार म्हणजे पाळी बदलतानाची ही दहा मिनिटं! “रात्रभर नुसता लगदा निघाला. तुझा हात जरा आवर!” मी म्हटलं, “आणि तुझा दगड?” गेला तणतणत. नाचता येईना, अंगण वाकडं!

बुधवार, ५
दगड. तीन आटे उघडला.

गुरुवार, ६
पाळी बदलताना साहेबांनी दोघांनाही बोलावलं. “शनिवारपर्यंत माल एकसारखा हवा. नाहीतर तुम्हां दोघांपैकी एकाची रवानगी गोदामात.” सात वर्षं काढलीत मी त्या नळापाशी! मग वाटलं, तोच जाईल. लाज वाटली. थोडी.

शुक्रवार, ७
तपासणीतल्या मावशींनी नमुन्याच्या पिशवीवरची वेळ दाखवली. “अगं, हा तुकडा रात्रीचा. नवं वाळवणीचं यंत्र बसल्यापासून माल हाती यायला दहा तास लागतात. फलकावर लिहिलंय की!” त्याच फलकाला टेकून मी रोज चहा पिते.

म्हणजे त्याचा दगड बघून मी माझा नळ उघडत होते, आणि माझा लगदा बघून तो आवळत होता. दोघंही अतिशहाणे!

नळ मधोमध आणून सोडून दिला. साहेबांना सांगितलं, “चूक माझी. मला पाठवा.” सांगताना रडू आलं. साहेब म्हणाले, उद्या बघू. संध्याकाळी गेटवर नवऱ्याला दम दिला — आज नळाला हात लावलास तर याद राख!

शनिवार, ८
माल एकसारखा! मावशींनी दोनदा तपासला. मी हवेत. तेवढ्यात साहेबांचं बोलावणं. “काल सकाळी तुमचे यजमानही येऊन गेले. चूक माझी, तिला नळावर राहू द्या, म्हणाले. दोघंही कबूल करताय, तर दोघंही जा. नळ आहे तसा उत्तम चाललाय.”

सोमवार, १०
गोदाम. दोघं एकाच पाळीत. दुपारी समोरासमोर बसून जेवलो. जेवताना तो गुणगुणतो. लग्नाला दोन वर्षं झाली, मला माहीतच नव्हतं.