भुनेश्वरीला दार उघडा

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. पुण्याच्या गाडीची वेळ झाली, निघते. वरणभात कुकरमध्येच आहे. कारल्याची भाजी गरम करून घ्या, गारच खाऊ नका.

आईच्या आजारपणात संस्थेकडून येऊन जिने तिचं सगळं केलं, ती भुनेश्वरी संध्याकाळी येईल. मागच्या रविवारी तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत. मी स्वयंपाकघरातून ऐकलं: "म्हातारी तं गेली. आता काहून येतं वं? तुमच्या संस्थेले बुढ्यांची कमी आहे का?" ती बिचारी "बाबा, तुमच्यासाठी आली" म्हणत होती, तोवर तुम्ही कडी लावली.

मला राग आला होता. काल तिची माफी मागायला फोन केला, तेव्हा कळलं. तिच्या घरी सगळे छत्तीसगढी बोलतात. मराठी ती इथे आईच्या खाटेशी बसून शिकली. मला म्हणाली, "काहून रडून राहिली दीदी? दोन घास खाल्ले का?" अगदी आईचाच सूर. माझी मराठी तर केव्हाच पुस्तकी झाली. मला फोन ठेववेना.

दार उघडा, बाबा. तुम्हाला बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका. तिला बोलू द्या.

रुचिता