गाण्याचा लिलाव

माय, परवा रविवारी आपल्या मिशनच्या देवळात पहिल्या पिकाची उपासना झाली. तुझं गाणं झालं नाही आणि माझंही झालं नाही. मोबाईलनं लिहिलेलं गाणं झालं. हे सांगावं असं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे. मोबाईल म्हणजे काय हे समजावत बसले तर पत्र तिथंच संपेल. एवढंच समज की खिशात मावेल असं एक यंत्र आहे. त्यात फोन आहे, रेडिओ आहे, आणि हल्ली त्याला नुसतं सांगितलं की ते लिहूनही देतं. पत्र, भाषण, प्रार्थना, गाणं, जे म्हणशील ते. तू दूध चुलीवर ठेवून शेजारी उभी राहिलीस तर ते उतू जायच्या आत गाणं तयार, चालीसकट आणि गाणाऱ्या बाईच्या आवाजासकट. ती बाई कुठं राहते असं मी विचारलं तेव्हा कळलं की बाईसुद्धा नाही.

बाकी वेदीपुढचं सगळं तुझ्या वेळेसारखंच होतं. ज्यानं त्यानं आपल्या वावरातलं आणलेलं. कापसाची गाठोडी, तुरीच्या शेंगांचे भारे, भोपळे, पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या. ते बघताना मला दरवर्षी माझी कोबी आठवते. आपल्याला वावर नव्हतं. तू मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण, बाबा तिथंच चौकीदार. सगळ्यांच्या हातात काही ना काही असायचं आणि तू मात्र रिकाम्या हातानं पुढं जाऊन गाणं म्हणायचीस, याची मला भयंकर लाज वाटायची. म्हणून एका वर्षी खाऊच्या पैशातून मी बाजारातून कोबीचा एक गड्डा आणला आणि फ्रॉकच्या घेरात झाकून तुझ्यामागं स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. तू भाकरी थापते आहेस. मागं न बघताच विचारतेस, "काय लपवून राह्यली वं?" मी कोबी दाखवते. तू पिठाच्या हातानं ती घेतेस, उलटसुलट करून पाहतेस आणि सरळ भाजीच्या टोपलीत टाकतेस. "इकत आनलेलं देवाले कायले? त्याले का बजार दिसत नाही? तुह्या हातानं काय झालं, ते ने." माझ्या हातानं काहीच झालेलं नव्हतं. मी रडायला लागले तशी तू म्हणालीस, "मंग माह्यासंगं चाल. म्या म्हनलं का तू मांगून म्हन." त्या दिवसापासून मी तुझ्यामागून म्हणत आले.

तुझी गाणी त्या स्वयंपाकघरातच व्हायची. भाकर थापता थापता ओळ सुचली की चुलीतला विझलेला कोळसा घेऊन तू ती भिंतीवर लिहायचीस, चौथीपर्यंत शिकलेल्या तुझ्या त्या मोठाल्या, एकमेकांना ढकलणाऱ्या अक्षरांत. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा बैल दुखण्यातून उठला, कुणाची पोरगी नर्स झाली, सगळं त्यात यायचं. गाणं भिंतीवर नाताळपर्यंत राहायचं. नाताळात चुना लागला की गेलं. मी चिडले की म्हणायचीस, "लोकायच्या तोंडात हाय नं, भितीवर कायले पायजे?" माय, ती तोंडंही आता एकेक करून गेली. तुझं एकही गाणं माझ्याजवळ पुरं नाही. एवढ्या एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

गाण्याचा लिलाव सुरू झाला तो बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी. उपासनेनंतर आवारात वेदीपुढच्या भोपळ्यांचा, कोंबड्यांचा देवळासाठी लिलाव चालू होता, आणि देवळाचे एक पंच गमतीनं ओरडले, "सारं झालं, आता बाईच्या गान्याची बोली बोला!" सगळे हसले. पण मागून एका शेतकऱ्यानं खरोखरच हात वर केला आणि गाण्यावर आपली कोंबडी लावली. कोंबडी देवळाला गेली. मग प्रश्न आला की गाणं घरी न्यायचं कसं. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "मीच येतो ना संध्याकाळी. घरी येऊन म्हनतो." आणि गेलीस. मला बोट धरून नेलंस. त्यांच्या ओसरीवर कंदील होता, चहा होता, पाच-सहा शेजारी जमले होते. गाणं म्हणून झाल्यावरही तू बराच वेळ उठली नाहीस. तेव्हापासून तीच रीत पडली. जो बोली जिंकेल त्याच्या घरी गाणारी जाणार. तू गेल्यावर मी जाऊ लागले. शाळेत शिकवत होते तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही. माझी गाणी तुझ्याएवढी चांगली कधीच नव्हती, पण कुणी तोंडावर सांगितलं नाही.

यंदाच्या जानेवारीत पाळकसाहेब घरी आले. नगरकडचे आहेत, वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे. मनाचे चांगले आहेत, त्यांच्यावर राग धरता येत नाही हीच पंचाईत आहे. म्हणाले, "बाई, तुमचे गुडघे दुखतात, यंदा तुम्ही त्रास घेऊ नका." मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तर त्यांनी गाणं तयारच ठेवलेलं. मला वाटलं होतं, त्यात बायबलातली द्राक्षं आणि अंजीर असतील आणि मला मनसोक्त हसता येईल. तसलं काही नव्हतं. कापूस होता, तूर होती, सोयाबीन होतं, अवकाळी पावसाचं एक कडवंसुद्धा होतं. वृत्त कुठं अडखळत नव्हतं. मी म्हटलं, "छान आहे." आणि ते खरोखरच छान होतं. मग ते आपणहूनच म्हणाले, "यंत्र बनवणाऱ्याला बुद्धी देवानंच दिली ना, बाई? ट्रॅक्टरनं पिकवलेली तूर आपण वेदीवर घेतोच की." मी त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्याचं उत्तर अजून शोधते आहे.

ते गेल्यावर मी कपबश्या विसळायला घेतल्या. संडे स्कूलमध्ये मी मुलांना सांगत आले की देवानं माणसाला आपल्या प्रतिमेचं केलं, म्हणजे आपली नाकं त्याच्यासारखी आहेत असं नाही, तर त्याच्यासारखं आपल्यालाही काही घडवावंसं वाटतं, आणि घडवल्यावर ते चांगलं आहे असं बघावंसं वाटतं. मग ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याकडूनही तेच गाणं होत असेल, तर माझ्यातली ती प्रतिमा कुठं शोधायची? मला वावर नाही, लेकरं नाहीत. वेदीकडे न्यायला माझ्याजवळ गाणं तेवढं होतं. तेही नको असेल तर फ्रॉकच्या घेरात कोबी धरून उभ्या असलेल्या पोरीत आणि माझ्यात काय फरक राहिला? तरी हट्टानं मी लिहायला बसले. रोज बसत होते. दोन ओळी झाल्या आणि पुढं काही केल्या सरकेना.

रविवारी ते गाणं स्पीकरवर वाजलं. मुलामुलींनी त्याच्यासोबत म्हटलं, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग आवारात लिलाव सुरू झाला. भोपळे गेले, शेंगा गेल्या, कोंबड्या गेल्या, आणि आताचे पंच सवयीनं ओरडले, "आता गानं!" आणि एकदम गप्प झाले. कुणीतरी म्हणालं, "त्याचा लिलाव कायचा, ते तं सकाळीच सगळ्यायच्या मोबाईलात आलं." हसले सगळे. तेवढ्यात मागच्या बाजूला कळंब रस्त्यावरची म्हातारी उठली. तू असताना ती नवीन सून होती, आता एकटीच असते, मुलगा दूर कामाला. गेली काही वर्षं गाण्याची बोली तीच जिंकते. यंदाही काखेत कोंबडी घेऊन आली होती. पंच तिला म्हणाले, "आजी, तुह्या फोनवर बी टाकून देतो गानं." ती म्हणाली, "फोनवर तं येईन. मंग माह्या घरी कोन येईन?"

पाळकसाहेब खाली बघत होते. माय, पाळकसाहेबांना द्यायचं उत्तर हे नव्हे, ट्रॅक्टरचा मुद्दा आहे तिथंच आहे. पण आपण आयुष्यभर ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्यानं वरून नुसता शब्द पाठवून भागवलं नाही. तो स्वतः आला, माणसांच्या घरी जेवला, त्यांच्या ओसरीवर बसला. शब्द पाठवणं त्याला काय जड होतं? हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं आणि मला ते त्या म्हातारीच्या तोंडून कळलं. मी उठून म्हटलं, "मी येते. पण गाणं पुरं नाही, दोनच ओळी आहेत." ती म्हणाली, "दोन तं दोन. चहा तं पुरा घेशीन ना?" तिनं कोंबडी पंचांच्या हातात दिली.

संध्याकाळी गेले. तिनं ओसरी सारवून ठेवली होती. मी म्हटलं, "भिजला कापूस, वाळला कापूस, देवा, तुझ्या दारी आणला कापूस." तिनं विचारलं, "येवढंच?" मी म्हटलं, एवढंच. ती म्हणाली, "खरं हाय. माहा भिजला व्हता." मग तिनं मला त्याच दोन ओळी पुन्हा म्हणायला लावल्या, आणि पुन्हा. त्यानंतर ती बोलत राहिली. सून कशी आहे, नातवाला मराठी वाचता येत नाही, रात्री पाठ कशी धरते. शेवटची गाडी निघायची वेळ झाली तरी मी बसून होते. दाराशी येऊन म्हणाली, "पुढच्या साली पुरं करजो."

आता घरी आहे. वसतिगृह बंद झालं, आवारातल्या दोन खोल्यांत मी राहते. तुझ्या त्या स्वयंपाकघराला कुलूप आहे. मोबाईल समोरच पडला आहे. हे पत्र त्याला वाचून दाखवलं तर तो तुझ्या वतीनं उत्तरही लिहून देईल, तुझ्याच बोलीत, आणि बहुतेक चांगलंच देईल. म्हणून दाखवणार नाही. कुणालाच दाखवणार नाही.

लोक म्हणतात, बाईंनी म्हातारीचं मन राखलं. तसं नाही, माय. म्हातारीनं विचारलं तो प्रश्न माझाच होता. तिच्या काखेत कोंबडी होती, म्हणून तिला तो चारचौघांत विचारता आला. मी तिच्यासाठी गेले नाही. मला संध्याकाळी जायला एक घर हवं होतं. बाबा गेल्यावर तू पदर खोचून "मीच येतो" म्हणालीस, ते तरी दुसरं काय होतं? तेव्हा मी तुझं बोट धरून होते, आणि मला वाटलं, आपण गाणं द्यायला चाललो आहोत.