दोन नंबरची शिट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन नंबर पुन्हा बसली! अकरा महिन्यांत तिसरं बेअरिंग. सकाळी पावणेसातला फोन आला. जाऊन पाहते तो पंपहाऊसभर जळक्या ग्रीसचा वास आणि ऑपरेटर हात चोळत उभा. आता एक नंबर आणि तीन नंबर अशा दोनच मोटरी सगळ्या शहराचं पाणी वर चढवताहेत. आणखी एक गेली तर टेकडीवरच्या घरांना थेंब मिळायचा नाही.

सहाच्या नोंदीला बेअरिंग किती तापलं होतं, विचारलं. त्यानं सांगितलं ते वहीत लिहिलं आणि भडकलेच. आठ अंश? मोटर काय बर्फात ठेवली होतीस?

"साठ म्हणालो मॅडम. साठ."

दोन मुलांचा बाप झाला, तरी तोंडात खडा धरल्यासारखा बोलतो. हल्ली सगळेच असे बोलतात.

बेअरिंग बसवलं होतं वैद्यबुवांनी. आमचा फिटर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला लावायचं, मूठ कानाला, की झालं निदान. मोटरची नाडी बघतो म्हणून वैद्यबुवा. तीस वर्षांत त्यानं पास केलेली मोटर अशी कधी बसली नव्हती. आणि आता एका वर्षात तीनदा? कुठेतरी पाणी मुरतंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कुठे मुरतंय ते कळलं. वैद्यबुवा एक नंबरजवळ वाकून उभा होता. मागून हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओरडलेच. ढिम्म! खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढा दचकला.

आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानावर नव्हतीच. कानाच्या मागच्या हाडावर धरली होती!

"अहो, कान पुढे आहे," म्हटलं.

हसला. "मला इथंच बरं लागतं, बाई." मग म्हणाला, "दोन नंबरमध्ये शिट्टी वाजते. ती पेटी बसवली तेव्हापासून. मागंही सांगितलं होतं तुम्हाला."

पेटी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. मार्चमध्ये मीच आग्रह धरून बसवून घेतला. वीज वाचली, शाबासकी मिळाली. आणि शिट्टीचं म्हणाल तर, तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी मोटरशेजारी दहा मिनिटं घड्याळ लावून उभी राहिले होते. शिट्टी नव्हती. ऐकू येईनासं झालं की कानात भलते आवाज होतात म्हणे. बिचारा.

घरी येऊन तासभर बसले होते, कचरा ठेवायला दार उघडलं तर धाकटी बहीण दारात, तोंड फुगवून. "ताई, चार वेळा बेल वाजवली! शेवटी शेजारच्यांकडे जाऊन बसले."

बेल बिघडली असणार.

५ फेब्रुवारी

बेल उघडली. काही बिघाड नाही. तरी दोन स्क्रू आवळून ठेवले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. तीन बेअरिंगं, एकच फिटर, त्यातून ऐकू येत नाही — त्यांच्या दृष्टीनं प्रकरण तिथेच मिटलं. "कान तपासून घ्या. फॉर्मवर तुमची शिफारस लागेल. नापास झाला तर गेटवर बसवू. पगार तोच राहील, मग तक्रार कसली?"

त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत. मी 'बघते' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मलाही तेच वाटतंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं त्याला. समोर उभं राहून, सावकाश. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

हातातली चिंधी घडी करत बसला. चिंधीची कसली आलीय घडी! मग म्हणाला, "बाई, गेटवर नका बसवू. तिथं माणसांचं ऐकावं लागतं."

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्याच्याबरोबर कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाणार नव्हते. पण त्या काय बोलतील ते त्याला ऐकू यायचं नाही, आणि कागदावर नुसती सही देऊन परत आला असता.

काचेच्या खोलीत बसवून यंत्र लावलं. नापास, दोन्ही कान. मग त्यांनी एक लोखंडी काटा आपटून घुमवला आणि त्याच्या कानापुढे धरला. काही नाही. तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला आणि हा खुर्चीतून अर्धा उठला. "येतंय! स्वच्छ येतंय!"

त्यांनी मला समजावलं. कानाच्या मधल्या भागात जुना दोष आहे. हवेतून आलेला आवाज आत पोचत नाही. हाडातून आलेला पोचतो. आतली नस शाबूत आहे, अगदी तरुण माणसासारखी.

"म्हणजे मोटरला स्क्रू-ड्रायव्हर लावून—"

"तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ऐकेल," त्या म्हणाल्या.

परत बसनं निघालो. तो खिडकीबाहेर बघत होता. मला मूठ आठवत होती. कान पुढे आहे, म्हणे! इतक्या वर्षांची इंजिनिअर मी. लोखंडातून आवाज जातो हे मला माहीत. हाडातूनही जाईल एवढं सुचू नये?

पण मग शिट्टीचं काय?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आधीची दोन बेअरिंगं न बघता भंगारात टाकली होती. मी होऊनच टाकायला सांगितली होती. चूक. तिसरं मात्र कापून घेतलं, रॉकेलनं धुतलं, भिंगाखाली धरलं.

वैद्यबुवांनी बसवण्यात चूक केली असती तर घासल्याची खूण एका बाजूला दिसली असती. तशी नाही. आतल्या गुळगुळीत कड्यावर आडव्या बारीक रेघा, सगळीकडे सारख्या, कंगवा ओढल्यासारख्या. हे ग्रीसचं काम नाही, हातोडीचं नाही. हे विजेचं काम आहे.

बराच वेळ भिंग खाली ठेवता येईना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवं बेअरिंग घालून दोन नंबर तासभर चालवली. शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, ब्रश टेकवून विजेची लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर टोकदार काटेच काटे! ड्राइव्ह मोटरला वीज देतो ती तुकड्यातुकड्यांनी, सेकंदाला हजारो. त्यामुळे शाफ्टवर विजेचा दाब चढतो, आणि तो बेअरिंगमधून बारीक बारीक ठिणग्यांनी उतरतो. प्रत्येक ठिणगी एक खड्डा. जुन्या मोटरला ड्राइव्ह लावताना ही काळजी घ्यायची असते. पुस्तकात आहे. मी घेतली नाही.

शिट्टीही त्याच तुकड्यांची. तिनं बेअरिंग जात नाही, पण तिच्यामागे गेलं असतं कुणी तर इथेच पोचलं असतं. अकरा महिन्यांपूर्वी.

मोटर चालू होती, मी कान देऊन उभी होते. मला घरघर ऐकू आली. फक्त घरघर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना पत्र दिलं. बिघाडाचं कारण ड्राइव्ह. शिफारस माझी, दुर्लक्ष माझं. फिटरचं काम निर्दोष. फॉर्मवर लिहिलं — मोटरीच्या कामास पूर्ण योग्य. मात्र गेटवर बसवण्यास अयोग्य.

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "बाई, एवढं स्वतःवर ओढून घ्यायची गरज होती का?"

ओढून कुठे घेतलं? होतंच अंगावर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एका टोकाला विजेपासून वेगळं ठेवणारं बेअरिंग, दुसऱ्या टोकाला शाफ्टचा करंट जमिनीत उतरवणारा ब्रश. सगळं वैद्यबुवांच्या हातून. दुपारी दोन नंबर सुरू. स्कोपवरचे काटे मेले. वैद्यबुवांनी मूठ हाडाला लावली, डोळे मिटले.

"शिट्टी आहे अजून. पण आतली चरचर गेली."

ऑपरेटर शेजारी होता. सहज विचारलं, तुला येते का रे शिट्टी?

"म्हणजे काय मॅडम! पेटी लावल्यापासून येते. डोकं उठतं. आठ तास कापूस घालून बसतो मी." मग माझ्या तोंडाकडे बघून, जरा हळू— "तुम्हाला नाही येत?"

साठ म्हणालो मॅडम. साठ.

बेलमध्ये काही बिघाड नव्हता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच डॉक्टरीणबाई, तीच काचेची खोली. वरचे सूर गेलेत माझे, दोन्ही कानांतले. नस गेली. बारीक सुराचा काटा हाडावर टेकवून पाहिला, तरी नाही. आठ-दहा वर्षं झाली असावीत, म्हणाल्या.

परत येऊन तडक पंपहाऊसवर गेले. वैद्यबुवांच्या समोर उभी राहिले, मोठ्यानं सांगितलं— मला ऐकू येत नाही. यापुढे तुम्हाला मोटरीत काय ऐकू येतंय ते मला सांगत जा.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला.

"सांगतच होतो की, बाई."