चुली किती?

दापोडी,
दि. १८ जुलै २०२४

ती. कुसुमताईंना शालनचा नमस्कार.

पत्र लिहायचं कारण, फोन तुम्ही उचलत नाही. आम्ही इथं बरे आहोत. चाकणचं कंत्राट संपलं तरी ह्यांना पिंपरीत एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. खोली रुळाला लागून आहे, गाडी गेली की भांडी थरथरतात. येऊन महिना झाला पण माझं चित्त काही थाऱ्यावर नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायच्या विसरते. भावजींचा खोकला कसा आहे?

इंदू इथं आल्यापासून नीट जेवत नाही. तेच सांगायचं होतं, उगाच शिट्ट्यांचं लिहीत बसले.

परवा दीपमाला मॅडम आल्या होत्या, आपल्या वस्तीत मुलांच्या संस्थेचं काम बघतात त्या. इंदूचं नाव कमी झालं म्हणाल्या. संस्था त्या वस्तीपुरतीच. घर हललं की मूल बाहेर. आता इंदूनं, तिच्या नावानं संस्थेला पैसे धाडणाऱ्या नोराआजीला, निरोपाचं एक पत्र लिहायचं, आणि मग वस्तीतल्या दुसऱ्या मुलाचा फोटो आजीकडं आयर्लंडला जायचा. मी ताडकन म्हटलं, "आजी काय गॅसची टाकी आहे, इथून उचलून तिथं लावायला?" मॅडम बिचाऱ्यांना तरी काय बोलणार, नियम वरून येतात.

तुम्हाला वाटायचं, आजीचे पैसे माझ्या घरात येतात. अहो, दमडी येत नाही! ते सगळ्या वस्तीच्या अभ्यासिकेला, दवाखान्याच्या गाडीला जातात. त्या अभ्यासिकेत तुमची करिष्मापण बसतेच की. इंदूच्या वाट्याला नुसती आजीची पत्रं. तीही ऑफिसात मराठी करून, तपासून यायची. आपला पत्ता, फोन नंबर लिहायची सोय नाही. तेवढ्यावर सहा वर्षं ही पोरगी त्या म्हातारीच्या कोंबड्यांची नावं पाठ करत राहिली.

आणि शालननं स्वतःचीच पोर पुढं ढकलली असं तुम्ही गल्लीभर सांगितलंत, ते मला अजून झोंबतं. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा काय विचारलं होतं? "घरात चुली किती?" आणि सासूबाई पदर सावरून, मान ताठ करून म्हणाल्या, "एकच! माझे दोन्ही लेक एका चुलीवर जेवतात." एका चुलीला एकच मूल, असा संस्थेचा नियम. म्हातारीला काय ठाऊक? करिष्मा गोवरानं पडलेली, म्हणून फोटो इंदूचा निघाला. त्यावरून आपण इतक्या भांडलो, इतक्या भांडलो, की सासूबाई गेल्यावर खरंच दोन चुली मांडल्या.

ताई, आता त्याच दोन चुली उपयोगी पडतायत. तुमची चूल वेगळी आणि अजून वस्तीतच, म्हणून करिष्माचं नाव बसतं, मी मॅडमना विचारलं. आजीला तीच मिळेल अशी खात्री नाही, पण शिफारस करते म्हणाल्या. मात्र आईनं स्वतः येऊन हो म्हणायला पाहिजे, २७ तारखेला, शनिवारी, अभ्यासिकेत. नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी फोटो जाईल.

तुम्ही म्हणाल, शालनचं उष्टं मला नको. म्हणा. फोन करून चार शिव्या घाला, मी ऐकून घेईन, पण जा. आजी परक्या पोरीकडं गेली तर मला बघवणार नाही. "करिष्माला मिळाली तर घरातच राहील ना," असं इंदू म्हणाली आणि त्या दिवशी इथं आल्यावर पहिल्यांदा तिनं पोटभर खाल्लं.

काल ती निरोपाचं पत्र लिहीत होती, एकेक वाक्य मोठ्यानं म्हणत. आज काय जेवलीस, असं आजी दर वेळी विचारते. तर ही तुमचंच नाव घेऊन म्हणते, "आज मोठ्याआईनं शेंगोळे केले. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले." मी पीठ मळत होते. म्हटलं, "अगं, खोटं कशाला लिहितेस?"

"मी नेहमी असंच लिहिते," म्हणाली.

आपण वेगळ्या झालो ते तिनं आजीला कधी कळवलंच नाही. तिकडं आयर्लंडात, ताई, आपली चूल अजून एकच आहे.

शनिवारी जाल ना?

तुमचीच,
शालन